लेट्यूसचा मोझॅक विषाणू आणि ‘प्रतिकारक’ वाण : पान स्वच्छ दिसले म्हणजे झाड विषाणूमुक्त असते का?

मेधा_वि

पॉलिहाऊसमध्ये लेट्यूस घेणाऱ्या काही सदस्यांनी मागे विचारले होते की, आयात बियाण्याच्या पाकिटावर ‘आयआर – एलएमव्ही : १’ असे छापलेले असेल, तर त्या वाणाला मोझॅक विषाणू लागतच नाही असे धरून चालावे का. थोडक्यात उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु ते तसे का आहे हे सांगायचे तर या विषाणूचा आणि त्याच्याविरुद्ध वापरल्या गेलेल्या जनुकांचा इतिहास जरा विस्ताराने मांडावा लागेल, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. भाजीपाल्यावरील विषाणुरोगांची आपल्याकडची चर्चा बहुतेक वेळा फवारणीपाशी सुरू होते आणि फवारणीपाशीच संपते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

लेट्यूस मोझॅक विषाणूची, म्हणजे पाकिटावरील ‘एलएमव्ही’ची, पहिली नोंद १९२१ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात जॅगर यांनी केली, आणि दोनच वर्षांनी न्यूहॉल यांनी तो बियाण्यातून पुढच्या पिढीत जातो हे दाखवून दिले. हा पॉटीव्हायरस गटातील विषाणू आहे : सुमारे ७५० नॅनोमीटर लांबीचा लवचीक तंतू, आणि त्याच्या आत सुमारे १०,००० न्यूक्लिओटाइडांचा एकेरी आरएनए. रोगट झाडाच्या पानांवर फिकट आणि गडद हिरवे चट्टे पडतात, शिरा फिकटतात, वाढ खुंटते आणि आइसबर्गसारख्या वाणात गड्डा धरत नाही. फुलोरा येण्यापूर्वी लागण झाली असेल, तर विषाणू बीजांडातून आणि परागातूनही गर्भात शिरतो. अशा झाडाच्या शंभर बियांपैकी साधारण एक ते दहा बियाच रोगट निघतात, आणि हा आकडा लहान वाटत असल्यामुळेच अनेक वर्षे त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

ते लक्ष वेधले कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्याने. अमेरिकेतील लेट्यूसपैकी सुमारे ७० टक्के एकट्या कॅलिफोर्नियात पिकते आणि त्याचा मोठा वाटा या खोऱ्याचा आहे. रोपे उगवताच त्यांतली हजारात एक जरी रोगट असली, तरी मावा तिच्यावरून शेजारच्या रोपांवर विषाणू नेतो आणि काढणीपर्यंत शेताचा मोठा भाग रोगट झालेला असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ग्रोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या कामातून हे स्पष्ट झाले की, बियाणे विषाणूमुक्त असेल तर रोग आटोक्यात राहतो. पुढे तेथे असा दंडक बसला की, ज्या गठ्ठ्याच्या तपासलेल्या ३०,००० बियांमध्ये एकही रोगट बी सापडत नाही, तेच बियाणे पेरायचे. सुरुवातीला ही तपासणी रोपे वाढवून, नंतर बिया वाटून त्यांचा रस किन्वाच्या पानांवर चोळून, आणि १९८० च्या दशकापासून एलायझा या प्रतिद्रव्यांवर आधारित चाचणीने होऊ लागली. त्याच्या जोडीला डिसेंबर महिन्यात सुमारे दोन आठवडे शेतात लेट्यूसचे एकही झाड उभे न ठेवण्याचा नियम मॉन्टेरे परगण्यात आहे, जेणेकरून एका हंगामातील विषाणूला पुढच्या हंगामात जाण्यासाठी पूल मिळू नये.

जनुकांचा भाग याच्या नंतर येतो, आणि हा क्रम लक्षात ठेवावा असा आहे. १९६० च्या दशकात अर्जेंटिनामध्ये ‘गालेगा दे इन्व्हिएर्नो’ या वाणात मोझॅकची लक्षणे फारशी दिसत नाहीत असे आढळले. फ्रान्समध्ये या गुणामागे एकच अप्रभावी जनुक, म्हणजे दोन्ही प्रती तशाच असल्या तरच परिणाम दाखवणारे जनुक, असल्याचे सिद्ध झाले. जवळपास त्याच काळात सॅलिनास येथील अमेरिकी कृषी खात्याच्या केंद्रात एडवर्ड रायडर यांनी इजिप्तमधून आलेल्या बीजनमुन्यांत असाच गुण शोधला. तोही अप्रभावी निघाला. पुढे संकर करून पाहिल्यावर ही दोन्ही एकाच जनुकाची दोन रूपे असल्याचे दिसून आले. आज त्यांना ‘मो१-एक’ आणि ‘मो१-दोन’ असे म्हणतात. रायडर यांनी ‘व्हॅनगार्ड ७५’ आणि नंतर ‘सॅलिनास ८८’ हे वाण याच गुणावर उभे केले.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मो१-एक असलेल्या झाडात नेहमीचा विषाणू सहसा शिरतो, कमी प्रमाणात वाढतो आणि झाडभर पसरतोही. फक्त पानावर लक्षणे दिसत नाहीत. याला सहनशीलता म्हणावे लागेल. मो१-दोन असलेल्या झाडातही बहुतेक प्रकारांबाबत असेच घडते, पण विषाणूचे काही थोडे प्रकार त्यात वाढूच शकत नाहीत, आणि त्याला मात्र प्रतिकार म्हणणे योग्य ठरते. शिवाय यांपैकी कोणते वर्तन दिसेल हे विषाणूच्या प्रकारावर आणि वाणाच्या बाकीच्या जनुकीय घडणीवरही अवलंबून असते. आंतरराष्ट्रीय बीज महासंघाच्या व्याख्येनुसार ‘आयआर’ म्हणजे मध्यम प्रतिकार : असा वाण रोगाची वाढ रोखतो, पण उच्च प्रतिकारक वाणापेक्षा त्यावर जास्त लक्षणे दिसू शकतात. पाकिटावरील त्या अक्षरांवरून मो१ ची कोणती प्रत आत आहे, हे शेतकऱ्याला कळत नाही. माझे मत असे आहे की, कोणत्याही प्रतिकारक वाणाबद्दल पहिला प्रश्न ‘पाने चांगली दिसतात का’ हा नसावा. ‘विषाणू आत वाढतो का, आणि बियाण्यात जातो का’ हा असावा.

तळेगावचा_शेतकरी

मेधाताई, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. मी रोमेन, लोलो रोसो आणि थोडे आइसबर्ग घेतो, आणि माझा सगळा भर माव्याच्या नियंत्रणावर असतो. चिकट सापळे लावलेले आहेत, पॉलिहाऊसला बारीक जाळी आहे आणि वेळापत्रकाप्रमाणे आंतरप्रवाही कीटकनाशकाची फवारणीही होते. मावा जवळजवळ दिसत नाही. तरीही मधूनच एखाद्या वाफ्यात पाच-सहा रोपे चट्टेदार निघतात आणि पुढच्या पंधरवड्यात त्यांची संख्या वाढते. मावाच नसेल तर हा विषाणू नेतो कोण, हे मला आजवर समजलेले नाही.

मेधा_वि

दादा, आपल्या वर्णनात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या मी वेगळ्या करते.

सुरुवातीची पाच-सहा रोपे वाफ्यात विखुरलेली असतील, म्हणजे कडेला किंवा दारापाशी एकवटलेली नसतील, तर ती बियाण्यातूनच रोगट आलेली असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. बाहेरून मावा आला असता तर तो सहसा एका बाजूने आला असता.

दुसरी गोष्ट प्रसाराची. हा विषाणू माव्याच्या शरीरात वाढत नाही. सोंडेच्या टोकाशी तो काही काळ चिकटून राहतो इतकेच. मावा पानावर बसून ते चाखण्यासाठी काही सेकंद सोंड खुपसतो, तेवढ्या वेळात तो विषाणू उचलतो, आणि पुढच्या पानावर तशीच काही सेकंदांची चाचपणी करताना तो सोडतो. कीटकनाशकाने मावा मरतो, पण मरायला जो वेळ लागतो त्याच्या आधीच त्याचे काम झालेले असते. उलट काही फवाऱ्यांमुळे मावा अस्वस्थ होऊन जास्त झाडे चाचपतो. शिवाय पंखवाला मावा लेट्यूसवर वस्ती न करताही, नुसता थांबून पुढे जाताना, विषाणू देऊन जातो. त्यामुळे पानामागे मावा दिसत नाही म्हणून तो आलाच नव्हता असे म्हणता येत नाही. यात मुख्य वाहक हिरवा पीच मावा आहे, आणि तो मिरची, वांगी, कोबी अशा अनेक पिकांवर राहतो.

रानटी तणांकडेही पाहावे. कॅलिफोर्नियात ‘ब्रिस्टली ऑक्सटंग’ नावाचे सूर्यफूल कुळातील तण हा विषाणूचा मोठा आसरा ठरले आहे. आपल्या पॉलिहाऊसच्या आजूबाजूला सूर्यफूल कुळातील, विशेषतः पाथरीसारखी, दुधाळ चिकाची तणे असतील तर ती उपटून टाकणे इष्ट.

ऋतुजा_एमएस्सी

मेधाताई, मी कृषी विद्यापीठात वनस्पती-प्रजननशास्त्रात शिकत आहे आणि मला तीन शंका आहेत. आम्हाला वर्गात शिकवलेली बहुतेक प्रतिकारक जनुके प्रभावी असतात : ती रोगकारकाला ओळखतात आणि पेशीला सावध करतात. मो१ अप्रभावी कसे? दुसरी शंका अशी की, प्रतिकार म्हणजे एखादे जनुक बिघडलेले असणे असेल, तर झाडाचे त्यात नुकसान होत नाही का? आणि तिसरी, व्यवहारातील : अप्रभावी गुण पश्चसंकरातून, म्हणजे चांगल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करून, पुढे न्यायचा म्हणजे प्रत्येक पिढीत तो दडूनच राहणार, मग पैदासकार तो ओळखतात कसा?

मेधा_वि

ऋतुजा, तुझ्या पहिल्या दोन शंकांचे उत्तर एकच आहे आणि या विषयातला मला सर्वांत आवडणारा भागही तोच आहे.

पेशीत प्रथिने तयार होताना संदेशवाहक आरएनएच्या पुढच्या टोकावर एक रासायनिक टोपी असते. ती टोपी पकडून रायबोसोमची यंत्रणा तेथे बोलावण्याचे काम ‘ईआयएफ४ई’ नावाचे प्रथिन करते. पॉटीव्हायरसच्या आरएनएला अशी टोपी नसते; त्याच्या टोकाला ‘व्हीपीजी’ नावाचे विषाणूचे स्वतःचे प्रथिन जोडलेले असते, आणि ते झाडाच्या ईआयएफ४ईला जाऊन बिलगते. विषाणूकडे स्वतःची यंत्रणा नाही, तो दुसऱ्याच्या चुलीवर स्वयंपाक करतो; त्या चुलीचे तोंड किंचित बदलले की परक्याचे भांडे तिच्यावर बसत नाही, घरच्यांचे मात्र बसते. मो१ म्हणजे ईआयएफ४ईचे असेच किंचित बदललेले रूप आहे.

फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनी २००३ साली हे दाखवले. मो१-दोनमध्ये या प्रथिनाच्या ७० व्या जागी अ‍ॅलानिनऐवजी प्रोलिन आलेले आहे, आणि मो१-एकमध्ये १०८ ते ११० या जागांवरील तीन अमिनो आम्लांच्या ठिकाणी एकच हिस्टिडिन आहे. रोगास बळी पडणाऱ्या झाडातील मूळ ईआयएफ४ई प्रतिकारक झाडात तात्पुरते तयार होऊ दिले, तेव्हा तेथे विषाणू पुन्हा वाढू लागला. यापेक्षा स्पष्ट पुरावा मागता येणार नाही. आता अप्रभावी का, हे उघड आहे : दोन प्रतींपैकी एक जरी मूळ असेल, तरी विषाणूला हवे ते प्रथिन मिळते. आणि झाडाचे फारसे नुकसान होत नाही, कारण बदललेले प्रथिनही टोपी पकडू शकते. शिवाय पेशीत त्याच कुळातील ‘ईआयएफ-आयसो-४ई’ हे दुसरे प्रथिन असते, जे बरेचसे काम सांभाळते.

ही गोष्ट लेट्यूसपुरती नाही. मिरचीतील पीव्हीआर२ हे जनुक म्हणजे ईआयएफ४ईच आहे, हे २००२ मध्ये, म्हणजे लेट्यूसच्याही आधी, फ्रान्समध्येच समजले. टोमॅटो, वाटाणा, खरबूज आणि बार्ली यांतही याच प्रथिनाच्या बदललेल्या प्रती पैदासकारांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या होत्या. आपण नेमके काय निवडत आहोत हे त्यांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या पिकांत, केवळ शेतातील निरोगी झाडे उचलून माणसे एकाच प्रथिनापाशी पोहोचली, ही गोष्ट मला थक्क करते.

तिसऱ्या शंकेबद्दल : पूर्वी प्रत्येक पश्चसंकरानंतर स्वपरागण करून मिळालेल्या रोपांना विषाणूची लागण करावी लागे, आणि त्यांतून निरोगी राहणाऱ्यांचीच निवड होई. यात एकेक पिढी वाया जाई. जनुकाचा क्रम कळल्यापासून रोपाच्या एका पानाच्या डीएनएवरून मो१ ची प्रत थेट ओळखता येते, दडलेली असली तरीही.

नाना_परभणीकर

चर्चा वाचून राहवले नाही म्हणून लिहीत आहे. मी आयुष्यभर कृषी विस्ताराच्या कामात होतो आणि भेंडीच्या केवड्याने, म्हणजे शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणुरोगाने, उठवलेली शेते मी पाहिलेली आहेत. मेधाताईंनी सहनशीलता आणि प्रतिकार यांत जो भेद केला आहे, त्याचे आपल्या घरचे उदाहरण ‘पुसा सावनी’चे आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग यांनी ‘पुसा मखमली’ आणि बंगालकडील ‘आयसी १५४२’ यांच्या संकरातून हा वाण काढला. ‘आयसी १५४२’ या वाणाचे वैशिष्ट्य असे होते की, त्याच्यात विषाणू असे, पण पाने पिवळी पडत नसत. हा गुण दोन अप्रभावी जनुकांवर अवलंबून असल्याचे तेव्हा प्रसिद्धही झाले होते. पुसा सावनी देशभर पसरली, शेतकऱ्यांनी ती डोक्यावर घेतली, आणि काही वर्षांनी तिच्या शिरा इतर वाणांसारख्याच पिवळ्या पडू लागल्या.

त्यानंतर मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ आणली. तिच्यासाठी ‘एबलमॉस्कस मॅनिहॉट’ या वेगळ्या प्रजातीशी पुसा सावनीचा संकर करून पुन्हा पुन्हा पश्चसंकर करावा लागला. वेगळ्या प्रजातीतून गुण आणणे किती कष्टाचे असते हे मी तेथील पैदासकारांकडून ऐकले आहे : संकरित बिया उगवत नाहीत, उगवल्या तर झाडे वांझ निघतात. परभणी क्रांतीने बरीच वर्षे चांगली साथ दिली, आता अनेक ठिकाणी तिच्यावरही केवडा दिसतो. माझा प्रश्न असा आहे की, लेट्यूसच्या मो१ चे असे झाले का? की अप्रभावी असल्यामुळे ते जास्त टिकले?

मेधा_वि

नाना, आपण पुसा सावनीचे उदाहरण दिल्याने चर्चेला खोली आली. भेंडीचा विषाणू पांढरी माशी नेते आणि तो अगदी वेगळ्या, डीएनए असलेल्या गटातला आहे, त्यामुळे यंत्रणा तीच असेल असे म्हणता येणार नाही. पण विषाणू आत बाळगून पान स्वच्छ ठेवणाऱ्या झाडावर संपूर्ण देशाने विसंबून राहावे का, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. ज्या शेतात सहनशील वाण मोठ्या क्षेत्रावर असतो, तेथे विषाणूची संख्या शून्य होत नाही, आणि त्या संख्येतच नवे प्रकार निर्माण होण्याला वाव मिळतो.

मो१ बरेच टिकले हे खरे. नुसत्या एका ओळख पटवणाऱ्या जनुकापेक्षा ते जास्त टिकाऊ ठरले, कारण यजमानाच्या मूलभूत यंत्रणेशी जुळवून घेण्यासाठी विषाणूला स्वतःच्या प्रथिनांत नेमका बदल करावा लागतो. पण त्यालाही विषाणूने उत्तर शोधले. मो१ च्या दोन्ही प्रती ओलांडणारे प्रकार सापडले आहेत, आणि ती क्षमता विषाणूच्या ‘सीआय’ नावाच्या प्रथिनाच्या शेवटच्या भागातील बदलांशी जोडलेली असल्याचे पुढच्या संशोधनातून दिसले. यांतले काही प्रकार, उदाहरणार्थ ‘एलएमव्ही-ई’, मो१ असलेल्या झाडांना लागण करत, पण त्यांच्या बियाण्यातून जात नसत, म्हणून ते दूर पसरू शकले नाहीत. ‘एलएमव्ही-मोस्ट’ हा गट मात्र लागणही करतो आणि मो१ असलेल्या वाणाच्या बियाण्यातूनही जातो. तो युरोप, दक्षिण अमेरिका आणि उत्तर आफ्रिका अशा एकमेकांपासून दूरच्या ठिकाणी सापडला, आणि इतके अंतर मावा उडून पार करत नाही. बियाण्याच्या व्यापाराबरोबर तो गेला असाच त्याचा अर्थ होतो. प्रतिकारक वाणाचे बियाणे तपासण्याची गरज नाही, असा समज जेथे असतो तेथे असा विषाणू सर्वांत निर्वेधपणे प्रवास करतो. म्हणूनच मी वर म्हटले की, सॅलिनासमध्ये आधी बियाण्याची तपासणी आली आणि नंतर जनुक आले, हा क्रम महत्त्वाचा होता.

सॅलिनासवासी

मी गेली बरीच वर्षे मॉन्टेरे परगण्यात राहतो आणि लेट्यूसच्या पॅकिंग व्यवसायाशी संबंधित काम करतो. येथे मोझॅक विषाणूचे नाव आता क्वचित ऐकू येते, हे तपासणीचे आणि डिसेंबरमधील रिकाम्या शेतांचे यश आहे. परंतु लेट्यूसवरील विषाणूंचा प्रश्न संपला आहे, असा कोणाचा समज होऊ नये. सध्या येथे सर्वांना धास्ती आहे ती इम्पेशन्स नेक्रॉटिक स्पॉट विषाणूची, म्हणजे ‘आयएनएसव्ही’ची. २०२० साली या खोऱ्यातील नुकसान सुमारे १० कोटी डॉलर आणि २०२२ साली सुमारे १५ कोटी डॉलर असल्याचा अंदाज येथील उत्पादक संघटनेने दिला होता. २०२२ च्या उन्हाळ्यात मी अशी शेते पाहिली की जी काढणीला न घेता तशीच नांगरून टाकावी लागली. पाने तपकिरी होऊन वाळतात, मधला गाभा करपतो, आणि त्यातच मुळांवर पिथियमची बुरशी आली तर झाड उभे कोलमडते. मेधाताई, या विषाणूविरुद्ध मो१ सारखे काही आहे का?

मेधा_वि

आपल्या माहितीबद्दल आभार. मो१ चा या विषाणूला काहीही अडसर होत नाही. तो टॉस्पोव्हायरस गटातला आहे. त्याचे आरएनए, त्याचे वाहक आणि पेशीतील वागणे सर्व वेगळे आहे. त्याला पश्चिमी फुलकिडे नेतात, आणि येथे मावा-मोझॅकच्या अगदी उलट व्यवहार आहे : फुलकिड्याच्या पिल्लाने विषाणू घेतला तरच तो त्याच्या शरीरात वाढतो, आणि मग तो कीटक आयुष्यभर विषाणू पसरवत राहतो.

टोमॅटोत या गटाविरुद्ध ‘एसडब्ल्यू-५’ आणि मिरचीत ‘टीएसडब्ल्यू’ अशी प्रभावी जनुके आहेत, ती दोन्ही रानटी किंवा दूरच्या नातेवाइकांतून आली, आणि दोन्हींना ओलांडणारे प्रकारही निघाले. लेट्यूसमध्ये पैदासकारांच्या हाती आहे तो आंशिक प्रतिकार. काही वाणांत रोगट झाडांचे प्रमाण कमी राहते, एवढेच. आंशिक प्रतिकाराला मी कमी लेखत नाही. अनेक लहान परिणाम करणारी जनुके एकत्र आणणे वेळखाऊ असते, पण त्यांना एका फटक्यात ओलांडणे विषाणूलाही कठीण जाते. कांद्यावरील आयरिस यलो स्पॉट हाही फुलकिड्यांनीच नेलेला टॉस्पोव्हायरस आहे, आणि महाराष्ट्रातील कांदा उत्पादकांना तो परका नाही.

लेट्यूसमध्ये प्रभावी जनुकाचेही एक सुंदर उदाहरण आहे. ‘डायबॅक’ नावाच्या, मातीतून येणाऱ्या विषाणुरोगात रोमेन आणि पानवाले लेट्यूस पिवळे पडून करपतात, पण आधुनिक आइसबर्ग त्याच मातीत ताठ उभे राहतात. दुसऱ्या बाजूने विचार केला तर ही निसर्गाने मांडलेली चाचणीच होती. त्यामागे दुसऱ्या गुणसूत्रावरील ‘टीव्हीआर१’ हे प्रभावी जनुक आहे असे सॅलिनासच्या केंद्रातील गटाने २००५ मध्ये दाखवले, आणि ते रोमेनमध्ये आणण्याचे काम त्यामुळे सोपे झाले. आइसबर्गच्या पैदासकारांनी ते जाणूनबुजून निवडले नव्हते. ते त्यांच्याकडे आधीपासूनच होते. मोठ्या शिरांचा ‘बिग व्हेन’ हा रोग मात्र अजून त्रास देतो : त्याचा विषाणू ऑल्पिडियम नावाच्या मातीतील सूक्ष्मजीवाच्या आश्रयाने राहतो, त्या सूक्ष्मजीवाचे बीजाणू जमिनीत अनेक वर्षे तग धरतात, आणि पूर्ण प्रतिकार फक्त ‘लॅक्टुका व्हिरोसा’ या रानटी प्रजातीत दिसला आहे.

अभिजित०७

मी जैवतंत्रज्ञानाच्या क्षेत्रात आहे. वरील सर्व वाचल्यावर असे वाटते की, ईआयएफ४ईसारखे लक्ष्य जनुकसंपादनासाठी अगदी योग्य आहे. इस्रायलमधील संशोधकांनी २०१६ साली काकडीत क्रिस्पर या जनुकसंपादनाच्या तंत्राने ईआयएफ४ई निकामी केले आणि ती झाडे एकाच वेळी तीन विषाणूंना दाद देईनाशी झाली. भारतातही मार्च २०२२ पासून परकीय जनुक नसलेल्या संपादित वनस्पतींना जैवसुरक्षा नियमांतील काही तरतुदींतून सूट आहे, आणि मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने दोन संपादित भाताचे वाण जाहीरही केले. इजिप्तच्या बीजनमुन्यांतून गुण आणण्यात रायडर यांना जो काळ लागला, तो आता लागण्याचे कारण नाही.

मेधा_वि

काकडीच्या कामाचे महत्त्व मला पूर्ण मान्य आहे, आणि पपई किंवा मिरचीसारख्या पिकांत आपल्याकडे ते जरूर व्हावे. तरीही मी दोन गोष्टी पुढे ठेवते. पहिली, ईआयएफ४ई पूर्णपणे निकामी करणे आणि मो१-दोनप्रमाणे एका अमिनो आम्लाचा नेमका बदल करणे यांत फरक आहे. जनुक पूर्ण बंद केले तर झाडाची वाढ मंदावण्याची शक्यता वाढते, आणि ते प्रथिन नसल्यावर काही विषाणू त्याच कुळातील दुसऱ्या प्रथिनाकडे वळू शकतात. शेतातील निवडीने जे रूप दिले ते प्रथिनाचे काम सांभाळून विषाणूला नाकारणारे आहे. संपादनानेही त्याचीच नक्कल करावी असे मला वाटते. दुसरी, असे संपादन कितीही झटपट झाले, तरी ‘मोस्ट’ गटाचा विषाणू मो१ ओलांडून गेलेला आहे, हे तथ्य बदलत नाही. संपादित वाणाच्या बियाण्यालाही तीच ३०,००० बियांची कसोटी लागू करावी लागेल.

ऋतुजा_एमएस्सी

मेधाताई, मग दोन वेगवेगळ्या जनुकांची सांगड घालता येणार नाही का? लेट्यूसमध्ये मो१ शिवाय दुसरे काही आहे का?

मेधा_वि

आहे. ‘मो२’ आणि ‘मो३’ अशी दोन प्रभावी जनुके वर्णन केलेली आहेत. मो२ नेहमीच्या अनेक प्रकारांपुढे टिकत नाही, म्हणून त्याचा वापर फारसा झाला नाही. मो३ ‘लॅक्टुका व्हिरोसा’तून आले, त्या प्रजातीशी लेट्यूसचा संकर होतो, पण नानांनी भेंडीबाबत सांगितलेला वांझपणाचा त्रास येथेही होतो. तत्त्वतः मो१-दोन आणि मो३ एकाच वाणात असणे हा चांगला मार्ग आहे. २०१७ साली ‘सॅलिनास’ या वाणाचा सुमारे २.७ अब्ज आधारजोड्यांचा जनुकसंच डेव्हिस येथील मिशेलमोर यांच्या गटाने प्रसिद्ध केल्यापासून अशा कामाची साधने हाती आली आहेत. प्रबंधासाठी विषय शोधत असशील, तर मिरचीतील पीव्हीआर२ च्या प्रती आपल्या स्थानिक वाणांत तपासण्याचा विचार कर. ते काम येथेच होण्यासारखे आहे.

तळेगावचा_शेतकरी

मेधाताई, शेवटचा एक प्रश्न. आयात बियाणे महाग असल्यामुळे लोलो रोसोची काही चांगली, डागविरहित झाडे फुलोऱ्यापर्यंत ठेवून त्यांचे बियाणे घरी धरण्याचा माझा विचार होता. ही झाडे वाफ्यातील चट्टेदार रोपांच्या शेजारीच होती, पण त्यांच्यावर काहीच दिसत नव्हते. आता ते धरावे की नाही?

मेधा_वि

दादा, त्या झाडांचे धरू नका. रोगट रोपांच्या शेजारी राहूनही डाग नसणे याचा अर्थ लागण झाली नाही असा असू शकतो, किंवा वाण सहनशील आहे आणि विषाणू आत आहे असाही असू शकतो. नुसत्या डोळ्यांनी या दोन्हींत फरक करता येत नाही. बियाणे धरायचेच असेल, तर पुढच्या हंगामात वेगळ्या बंदिस्त जागेत, चट्टेदार रोप दिसताच ते पिशवीत घालून बाहेर नेण्याची शिस्त पाळून, त्यासाठी म्हणून झाडे वाढवा. फुलोऱ्याच्या आधी त्या प्रत्येक झाडाच्या कोवळ्या पानाची एलायझा चाचणी जवळच्या कृषी विद्यापीठाच्या वनस्पती-रोगशास्त्र विभागात करून मिळते का, याची चौकशी करा. सध्याच्या वाफ्यातील झाडे फुलावर येऊ न देता काढून टाका, आणि पुढची लागवड करण्यापूर्वी दोन-तीन आठवडे ते पॉलिहाऊस लेट्यूसशिवाय आणि तणांशिवाय रिकामे ठेवा.